कंबर दुखत नाही, पण फोटोत वाकडी दिसते

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, नाशिकला एका बँकेत काउंटरवर काम करते. कंबर-पाठ कधी दुखली नाही. मागच्या महिन्यात आमच्या शाखेत आरोग्य शिबिर झालं. चौकटी आखलेल्या तक्त्यासमोर उभं करून समोरून आणि बाजूने फोटो काढले आणि त्यावर रेघा मारून रिपोर्ट दिला : ‘पेल्व्हिस १४ अंश पुढे झुकलेला, डावी बाजू वर, उजवा पाय ६ मिलिमीटर आखूड.’ आज दुखत नसलं तरी पुढे सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) होणारच, असं सांगून हाडं जागेवर बसवण्याच्या बारा बैठका सुचवल्या. तेव्हापासून मी दिवसभर पोट आत ओढून, कंबर सरळ धरून बसते. संध्याकाळी पाठ भरून येते. आधी असं कधी होत नव्हतं. मांडी घालून बसणं बंद करा, असंही सांगितलं. आमच्याकडे रात्रीचं जेवण सगळे खालीच बसून करतो. मी एकटीच खुर्ची ओढून बसते, ते सासूबाईंना आवडत नाही. त्या म्हणतात, ‘आमचा जन्म गेला खाली बसण्यात.’ मी नेमकं काय करू?
एक वाचक, नाशिक

ताई, सगळ्यात आधी ते आत ओढलेलं पोट सैल सोडा. आत्ता, वाचता वाचताच सोडा. शिबिराच्या आधी तुमचा पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, हाच होता, खुर्ची हीच होती, काम हेच होतं आणि पाठ भरून येत नव्हती. मधल्या काळात बदललं ते एवढंच, की तुम्ही दिवसाचे सात-आठ तास पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू आवळून धरायला लागलात. कुठलाही स्नायू इतका वेळ आवळून धरला तर तो थकणार, आणि थकला की कुरकुरणार. तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती याचीच. धडधाकट बाईला एका कागदाने आपल्याच कमरेची भीती घातली.

आता तो १४ चा आकडा बघू. उभ्या राहा, कमरेवर दोन्ही हात ठेवा, बोटं पुढे आणि अंगठे मागे. पुढची बोटं हळूहळू खाली सरकवलीत की परकराच्या नाडीच्या जरा खाली, पोटाच्या दोन्ही बाजूंना हाडाची दोन टोकं लागतील. मागे कमरेच्या खाली, जिथे बऱ्याच जणांच्या कातडीवर दोन खळ्या दिसतात, तिथे अंगठ्यांना दोन उंचवटे लागतील. पुढचं टोक आणि मागचा उंचवटा यांना जोडणारी रेघ पुढच्या बाजूला उतरती असली की त्याला पेल्व्हिस पुढे झुकलाय असं म्हणतात. तुमच्या फोटोवर मारलेली रेघ हीच.

ही रेघ निरोगी माणसांत कशी असते? इंग्लंडमधले ली हेरिंग्टन यांनी २०११ मध्ये कसलीही तक्रार नसलेल्या १२० जणांमध्ये ती मोजली. पुरुषांतल्या ८५ टक्क्यांचा आणि बायकांतल्या ७५ टक्क्यांचा पेल्व्हिस पुढेच झुकलेला निघाला. रेघ अगदी सपाट असणारी माणसं थोडीच होती. म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये दोष म्हणून लिहिलेली गोष्ट चार निरोगी बायकांपैकी तिघींमध्ये असते.

त्याच्याही आधी, २००८ मध्ये, स्टीफन प्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० मृतदेहांचे पेल्व्हिस घेतले, सगळे एकाच ठरावीक स्थितीत ठेवले आणि हाच कोन मोजला. तिथे स्नायू नव्हते, सवयी नव्हत्या, बसण्या-उठण्याचा काही संबंध नव्हता. तरीही कोन शून्यापासून २३ अंशांपर्यंत निघाला, सरासरी १३ अंश. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या बाजूत ११ अंशांपर्यंत फरक सापडला. हा फरक हाडाच्या घडणीतला आहे. कुणाचं पुढचं टोक जरा खाली असतं, कुणाचा मागचा उंचवटा जरा वर असतो. जसं नाक प्रत्येकाचं वेगळं, तसंच हे. त्यामुळे तुमचे १४ अंश ऐकून मला काहीच वेगळं वाटलं नाही. शिवाय तुमचा आकडा तर कपड्यांवरून, फोटोवर, अंदाजाने ठेवलेल्या दोन ठिपक्यांवरून काढलेला आहे. ठिपका बोटभर इकडे-तिकडे झाला तरी आकड्यात कितीतरी अंशांचा फरक पडतो.

इथे थोडं खोलात जाते, कारण ही गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

पेल्व्हिसच्या मागच्या बाजूला दोन पसरट हाडांच्या मधोमध एक त्रिकोणी हाड घट्ट बसलेलं असतं. ते त्रिकास्थि, डॉक्टर त्याला सेक्रम म्हणतात. सेक्रमच्या वरच्या तिरक्या माथ्यावर कमरेचा शेवटचा मणका टेकतो, त्याच्यावर पुढचा, अशी डोक्यापर्यंत चळत. उतरंडीतलं तळाचं मडकं जरा कललं की वरच्यांना आपापली बसकण बदलावी लागते. पेल्व्हिस पुढे कलला की सेक्रमचा माथा आणखी तिरका होतो, आणि शरीर पुढे पडू नये म्हणून कमरेचा बाक वाढतो. पेल्व्हिस मागे कलला की बाक कमी होऊन कंबर सपाट होते. पाठीचा वरचा भाग आणि मान त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतात. बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचा कण्याच्या रचनेशी संबंध आहे तो हा आणि एवढाच. तो खरा आहे, रोजचा आहे, आणि ढब बदलली की लगेच बदलतो.

पण सेक्रमचा माथा आणि खुब्याचे सांधे यांचा आपसातला कोन मात्र तुमच्या ढबीवर अवलंबून नसतो. फ्रान्समध्ये द्युव्हाल-बोपेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या कोनाचं महत्त्व मांडलं. त्याला पेल्व्हिक इन्सिडन्स म्हणतात. वाढ पूर्ण झाली की तो जवळपास कायमचा ठरतो. निरोगी प्रौढांत त्याची सरासरी पन्नास अंशांच्या आसपास येते, पण कुणाचा पस्तीस असतो तर कुणाचा ऐंशीच्या घरात. ज्याचा हा कोन मोठा, त्याच्या कमरेला बाकही जास्त लागतो. त्याशिवाय त्याला कमी कष्टात उभं राहता येत नाही. ज्याचा लहान, त्याची कंबर मुळातच सपाट दिसते. दोघंही निरोगी. आता मोठा कोन असलेल्या बाईला ‘कमरेतला बाक घालव, पेल्व्हिस सपाट कर’ असं सांगितलं, तर ती तिच्या हाडांच्या घडणीविरुद्ध स्नायूंना कामाला लावते. तुमचा कोन किती, हे एक्स-रेशिवाय कळणार नाही, आणि दुखत नसताना त्यासाठी एक्स-रे काढूही नका. पण एकाच सपाट रेघेचा साचा सगळ्यांना लावणं मुळातच चूक आहे, हे मात्र नक्की.

शिबिरात हेही सांगितलं असेल की पोटाचे स्नायू कमकुवत आहेत म्हणून पेल्व्हिस पुढे पडतो. हे सगळीकडे सांगतात. अमेरिकेत १९८७ मध्ये ३१ निरोगी तरुण माणसांमध्ये हे तपासलं गेलं. पोटाच्या स्नायूंची ताकद, पेल्व्हिसचा कल आणि कमरेचा बाक यांचा उभं असताना एकमेकांशी काही मेळ लागला नाही. पोटाचे व्यायाम चांगलेच आहेत, जरूर करा. फक्त त्याने १४ चे ७ होतील या आशेने करू नका.

आता बसण्याकडे येऊ, कारण तुमचा दिवस तिथेच जातो. घरी लाकडी खुर्चीवर किंवा स्टुलावर बसा, गादी नको. दोन्ही तळहात वर करून कुल्ल्यांखाली सरकवा. प्रत्येक हातात एकेक टणक हाड रुतेल. आपण बसतो ते या दोन हाडांवर. आता सावकाश पोक काढा. हातावरचा दाब मागे, माकडहाडाच्या बाजूला सरकेल. मग कंबर पुढे काढून ताठ व्हा. दाब पुढे, मांडीच्या मुळाकडे येईल. असं चार-पाच वेळा मागे-पुढे करा. मग एक हात काढून कमरेच्या खळगीत ठेवा आणि पुन्हा तेच करा. पोक काढलंत की खळगी भरून पाठ गोल होते, ताठ झालात की खळगी खोल होते. तुमच्या हाताखाली पेल्व्हिस आणि कणा एकमेकांबरोबर हलताहेत. तुमचा कल एकाच जागी अडकलेला असता तर हे झालं नसतं. तो किती सहज मागे-पुढे जातो हे मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगतं.

उभ्याचं बसलं की पेल्व्हिस आपोआप मागे कलतो आणि कमरेचा बराचसा बाक निघून जातो. खुबे काटकोनात दुमडले की मांडीच्या मागचे स्नायू आणि कुल्ल्यांची बाजू ताणली जाते आणि ती पेल्व्हिसला मागे ओढते. अमेरिकेतले डॉ. कीगन यांनी १९५३ मध्ये वेगवेगळ्या स्थितींतले एक्स-रे काढून हे दाखवलं. मांडी आणि धड यांच्यात काटकोनापेक्षा मोकळा, साधारण १३५ अंशांचा कोन असला की कंबर तिच्या नैसर्गिक बाकाच्या जवळ राहते, असं त्यांनी मांडलं. म्हणून खुर्ची जरा उंच, गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली, अशी बैठक बऱ्याच जणांना बरी वाटते.

बरी वाटते, पण तीच एक बरोबर असं नाही. स्वीडनचे नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि टेक्याशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा वाढतो असं सांगितलं. ‘बसणं कमरेला वाईट’ हे जे आपण ऐकतो त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्ममध्ये विल्के यांच्या गटाने नव्या साधनाने एका माणसाच्या चकतीतला दाब दिवसभर मोजला. उभं असताना ०.५० मेगापास्कल (हे दाब मोजायचं एकक). टेक्याशिवाय सैल बसल्यावर ०.४६. जाणूनबुजून पाठ ताठ केल्यावर ०.५५. आणि खुर्चीत मागे रेलून, पाठ टेकून, पसरून बसल्यावर ०.२७. हा एकाच माणसाचा हिशेब आहे, तो सगळ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरी कारण समजण्यासारखं आहे : पाठ टेकली की धडाचं वजन खुर्ची घेते, आणि पाठ ताठ करायला आवळलेले स्नायू स्वतःच मणक्यांना दाबतात. याच मोजणीत सर्वांत मोठा आकडा आला तो पाठ गोल करून, वाकून २० किलो उचलताना, २.३. खुर्चीत कसं बसता यापेक्षा गॅसचा सिलिंडर आणि पाण्याचे हंडे कसे उचलता याकडे कमरेचं लक्ष जास्त असतं.

फिजिओथेरपिस्ट मंडळींचंही बसण्याच्या आदर्श ढबीवर एकमत नाही. २०१२ मध्ये युरोपातल्या चार देशांतल्या २९५ फिजिओथेरपिस्टना बसण्याच्या नऊ ढबींचे फोटो दाखवून सर्वांत चांगली निवडायला सांगितलं होतं. बहुतेकांनी दोनपैकी एक निवडली, आणि त्या दोन ढबी एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या होत्या. तज्ज्ञांचंच जिथे जुळत नाही, तिथे एका रेघेसाठी तुम्ही रोज थकून जावं हे मला पटत नाही.

मग पोक काढून बसलं तर चालेल का? थोडा वेळ, खुशाल. अडचण वेळेची आहे. मणक्यांना मागून बांधणारे अस्थिबंध सतत ताणून ठेवले की हळूहळू सैलावतात. कॅनडात मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ मध्ये लोकांना वीस मिनिटं पूर्ण वाकून बसवलं. सरळ झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत निम्मी सैलाई भरून आली, पण अर्ध्या तासानंतरही थोडी शिल्लक होती. म्हणून बराच वेळ वाकून काम केल्यावर लगेच जड वस्तू उचलू नये. आधी उठून दोन पावलं टाकावीत. चकत्यांचंही असंच. रात्रभर झोपेत त्या पाणी शोषून फुगतात, दिवसा वजनाने ते हळूहळू बाहेर पडतं. सकाळी उठताना आपण रात्रीपेक्षा साधारण एक टक्का उंच असतो. हा कणा दिवसभर बदलतच असतो, त्याला एका रेघेत डांबून ठेवायचं तरी कसं?

तुमच्या काउंटरबद्दल. काउंटरच्या खुर्च्या बहुधा उंच असतात आणि पाय लोंबकळतात. पाय लोंबले की मांड्यांखाली खुर्चीची कड रुतते, माणूस पुढे सरकतो, टेका सुटतो आणि पाठ गोल होते. पायाखाली कडं असेल तर त्यावर पाय ठेवा, नाहीतर एक भक्कम लाकडी पाट ठेवून घ्या. बसताना आधी कुल्ले खुर्चीच्या पार मागे न्या आणि मग पाठ टेका. खुर्चीची बैठक खोल असेल आणि टेका पोहोचत नसेल तर टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळगीत घाला, पण बारीक. जाड गुंडाळीने कंबर उगाच पुढे ढकलली जाते. पासबुक छापायचं मशीन आणि नोटा मोजायचं मशीन एकाच बाजूला असेल तर दिवसभर तुम्ही त्याच बाजूला पिळ देता. जमलं तर एक दुसऱ्या बाजूला घ्या, नाही जमलं तर खुर्ची फिरवून सगळ्या अंगाने वळा. आणि मुख्य म्हणजे दर वीस-तीस मिनिटांनी काहीतरी बदला. एका गिऱ्हाईकाशी उभ्याने बोला, पुढच्याशी रेलून, मधेच थोडं पुढे झुकून. पायावर पाय टाकून बसलात तरी काही बिघडत नाही. फक्त तोच पाय, तीच बाजू, सगळा दिवस असं नको.

मांडीबद्दल तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं. मांडी घालायला खुबे बाहेरच्या बाजूला चांगले उघडावे लागतात. ज्यांचे खुबे लहानपणापासून उघडत आलेत त्यांचे गुडघे जमिनीजवळ राहतात आणि कंबर सहज उभी राहते. वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाचे खुबे तेवढे उघडत नाहीत. गुडघे वर राहतात, पेल्व्हिस मागे लोळतो आणि पाठ गोल होऊन ताटावर वाकते. अशा माणसाला पंधरा मिनिटांत कमरेत ओढ लागते आणि तो म्हणतो, मांडी वाईट. उपाय साधा आहे. कुल्ल्यांखाली चादरीची घट्ट घडी किंवा पाट ठेवा, म्हणजे खुबे गुडघ्यांपेक्षा वर येतात आणि पेल्व्हिसला मागे लोळायचं कारण उरत नाही. आपल्याकडे जेवायला पाट मांडायची रीत होती, ती नुसती मानाची नव्हती, असं मला मनापासून वाटतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी योगासनांत घोंगड्या, विटा, पट्टे आणले तेही याच कारणासाठी, शरीर जिथे पोहोचत नाही तिथे आधार देऊन आसन नीट जमावं म्हणून.

घडी किती जाड घ्यायची ते असं ठरवा : मांडी घालून हात मांड्यांवर ठेवा आणि कंबर सैल सोडा. पाठ लगेच मागे कोसळत असेल तर आणखी एक घडी घाला. कोसळत नसेल तर पुरे. एक दिवस उजवी पोटरी पुढे, दुसऱ्या दिवशी डावी. जेवण लांबलं तर पाय सोडा, एका बाजूला घ्या, भिंतीला टेका. दुखऱ्या गुडघ्याने ओढून मांडी घालू नये, तेवढं मात्र पाळा. खाली बसण्याचा दुसरा फायदा बसण्यापेक्षा उठण्यात आहे. दिवसातून दोन-चार वेळा जमिनीवरून उठताना खुबे, गुडघे, घोटे पूर्ण वाकतात आणि मांड्यांना जोर लावावा लागतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीवर बसून कमीत कमी आधाराने उठता येणारी माणसं पुढच्या वर्षांत जास्त टिकली. बसण्या-उठण्यानेच आयुष्य वाढलं असं त्यातून म्हणता येत नाही, पण ज्याला हे जमतं त्याचे पाय, तोल आणि लवचीकपणा शाबूत आहे एवढं नक्की. तुमच्या सासूबाईंना या वयात जमतंय ही घरातली मोठी कमाई आहे. ती तुम्ही सोडू नका.

आखूड पायाचं थोडक्यात सांगते. दोन्ही पाय मिलिमीटरपर्यंत सारखे असणारी माणसं फार कमी. २००५ मध्ये एका आढाव्यात अनेक अभ्यासांची मोजमापं एकत्र केली तेव्हा ९० टक्के लोकांत पायांच्या लांबीत फरक आढळला, सरासरी ५.२ मिलिमीटर. बहुतेकांच्या बाबतीत सुमारे २० मिलिमीटरपर्यंतच्या फरकाने काही त्रास होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तुमचे ६ मिलिमीटर तर फोटोवरचे. एका पायावर जरा जास्त भार टाकून उभ्या राहिलात तरी डावी बाजू वर दिसेल. चपलेत पट्टी घालू नका.

बारा बैठकांचं स्पष्ट सांगते : घेऊ नका. सेक्रम आणि त्याच्या शेजारची हाडं यांमधला सांधा जाड अस्थिबंधांनी बांधलेला आहे. स्वीडनमध्ये स्टुरेसन यांनी हाडात बारीक धातूचे मणी बसवून एक्स-रेवर त्याची हालचाल मोजली, ती सरासरी अडीच अंशांच्या आसपास निघाली. १९९८ मध्ये तिथेच टुलबर्ग यांच्या गटाने दहा रुग्णांचा हा सांधा हाताने ‘बसवण्या’च्या आधी आणि नंतर याच पद्धतीने मोजला. हाताने तपासणाऱ्यांना सांधा जागेवर आला असं वाटलं, पण मोजणीत हाडाची जागा बदललेली नव्हती. हाताच्या उपचाराने दुखणाऱ्या माणसाला बरं वाटतं, ते मी रोज पाहते आणि नाकारत नाही. आवळलेले स्नायू सैल होतात, भीती कमी होते, हालचाल वाढते. पण हाड सरकलं होतं आणि ते बसवलं, हे खरं नाही. आणि तुम्हाला तर दुखतच नव्हतं.

‘पुढे सायटिका होणारच’ या वाक्याने तुमची झोप उडाली असेल. सायटिका होते ती बहुतेक वेळा चकतीचा भाग बाहेर येऊन किंवा नसेची वाट अरुंद होऊन नस दाबली गेल्याने. पेल्व्हिसच्या रेघेवरून ती सांगता येत नाही. खुद्द एमआरआयवरूनही सांगता येत नाही : काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये आला, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांतही चकत्यांची झीज दिसत होती आणि वयाबरोबर ती वाढत जात होती. ही सगळी माणसं आपापलं काम करत होती.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते मात्र लक्षात ठेवा. कंबर दुखून कळ गुडघ्याच्या खाली उतरली आणि पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल उचलायला अशक्तपणा आला तर. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा बसण्याच्या जागी बधिर वाटायला लागलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी इस्पितळात. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतरचं दुखणं, हेही अंगावर काढू नये. आणि कालपर्यंत सरळ असलेली कंबर अचानक एका बाजूला कललेली दिसू लागली, तर ते फोटोतल्या कलासारखं नसतं, ते दाखवावं.

पोट सैल सोडल्यावर आणि काउंटरवर बैठक बदलत राहिल्यावर संध्याकाळचा जडपणा दोन-तीन आठवड्यांत जायला हवा. रोज अर्धा तास भरभर चाला, आठवड्यातून दोनदा पाय आणि पाठ यांना जोर लागेल असं काही करा : खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा, उताणं झोपून कुल्ले उचलणं, भरलेली पिशवी खुब्यातून वाकून उचलणं. तरीही पाठ भरून येत राहिली तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तो आधी तुमच्याशी बोलेल, तुमचं काम, झोप, घरचा ताण विचारेल, मग वाकायला, वळायला, एका पायावर उभं राहायला, खाली बसून उठायला सांगेल, पायांची ताकद आणि नसा तपासेल. तपासणीची सुरुवातच कुणी फोटोवर रेघा मारून केली, तर दुसरीकडे जा.